‘उचलणे’ आणि ‘चढवणे’ : अवजड मोटारसायकल डबल स्टँडवर घेण्याच्या क्रियेचा भाषिक विचार

अंगमेहनतीच्या कामांची भाषा आणि त्या कामांची प्रत्यक्ष रीत ह्यांचे नाते नेहमीच सरळ नसते. ज्यांना एखादे काम उत्तम साधते त्यांना ते शब्दांत सांगता येतेच असे नाही. आणि जे शब्दांत सांगितले जाते ते ऐकून शिकणारा कित्येकदा भलतेच करू लागतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका अगदी लहान, परंतु चुकली तर अंगाशी येणाऱ्या क्रियेच्या आधाराने केला आहे. लांबच्या प्रवासाची अवजड मोटारसायकल तिच्या मधल्या, दोन पायांच्या स्टँडवर उभी करणे ही ती क्रिया होय. ती चुकीच्या रीतीने केल्यास कंबरेत उसण भरते, गाडी पलीकडे कलंडते, क्वचित करणाऱ्याचा पाय तिच्याखाली सापडतो. ह्याहून सूक्ष्म असा आणखी एक परिणाम आहे. दोन-तीनदा प्रयत्न फसला की ‘हे आपल्या ताकदीचे काम नव्हे’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि विशेषतः विद्यार्थिनींच्या व उतारवयातील माणसांच्या बाबतीत तो निष्कर्ष दुसरेच लोक तत्परतेने काढून देतात. हा निष्कर्ष यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बहुधा चुकीचा असतो. तो एका क्रियापदाने सुचविलेला आहे, असे दाखविता येईल.

नांदेड व लातूर ह्या भागात मधल्या स्टँडचे महत्त्व मूलतः जमिनीमुळे आहे. दोन्ही जिल्ह्यांची बरीचशी जमीन काळी, खोल आणि चिकण आहे. पावसात ती फुगते व लोण्यासारखी मऊ होते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बाजूचा, एका पायाचा स्टँड आपला सारा टेका रुपयाएवढ्या टोकावर घेतो, आणि ते टोक ओल्या काळ्या मातीत हळूहळू रुतत जाते. सायंकाळी शेताच्या बांधालगत उभी केलेली गाडी सकाळी आडवी झालेली दिसते ती ह्यामुळे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की रस्त्याचे डांबरही मऊ होते आणि तेथेही तोच प्रकार घडतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गाने लातूरला जाणाऱ्याला ह्या दोन्ही परिस्थिती एकाच वर्षात अनुभवावयास मिळतात. शिवाय साखळीला तेल द्यावयाचे, मागचे चाक काढावयाचे किंवा सामान समतोल बांधावयाचे तर गाडी सरळ उभी हवी. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबसारख्या दूरच्या प्रांतांतून येणाऱ्या यात्रेकरूंत मोटारसायकलवर येणारेही असतात. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे वळकटी, अशा त्यांच्या गाड्या एका पायावर तिरप्या उभ्या करणे जोखमीचेच.

ह्या स्टँडला बोलीत ‘डबल स्टँड’ म्हणतात. काही जण ‘मेन स्टँड’ म्हणतात. हिंदी भाषिकांतही ‘डबल स्टँड’ हेच नाव रूढ आहे. ‘डबल’ हे विशेषण दोन पायांमुळे आले असावे हे उघड आहे. परंतु ते मुळात लागलेच का, हा प्रश्न अधिक रंजक आहे. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतक स्कूटरवर मधला स्टँड हाच मुख्य स्टँड होता. जुन्या धाटणीच्या सायकलीलाही मागच्या चाकाला वेढणारा दोन पायांचा स्टँडच असे. तेव्हा नुसते ‘स्टँड’ म्हटले की पुरे होई. पुढे बाजूच्या स्टँडचा प्रसार झाला, ‘स्टँड’ हा शब्द त्याच्याकडे सरकला, आणि जुन्या वस्तूला नवे विशेषण घेऊन उभे राहावे लागले. आज रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला मागून कोणी ‘ओ मामा, स्टँड!’ असे ओरडते तेव्हा तो स्टँड बाजूचाच असतो, ह्याविषयी बोलणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या मनात क्षणभरही शंका येत नाही. काट्यांच्या घड्याळाला ‘काट्यांचे’ असे सांगण्याची पाळी ज्या रीतीने आली तीच ही रीत होय. ‘स्टँड’ शब्दाचे लिंग मात्र अद्याप स्थिर झालेले नाही. ‘स्टँड लावला’ आणि ‘स्टँड लावलं’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. गाडी मात्र निरपवाद स्त्रीलिंगी. ‘बुलेट’ हे नाव मराठीत आल्याबरोबर स्त्रीलिंगी झाले ते ‘गाडी’च्या आणि तिच्याआधीच्या ‘फटफटी’च्या ओढीनेच.

आता यंत्राकडे वळले पाहिजे, कारण शब्दांचा बरेवाईटपणा त्याच्यावाचून ठरविता येणार नाही. उदाहरणादाखल १९५ किलो वजनाची गाडी घेऊ. रॉयल एनफील्डच्या २०२१ च्या ‘क्लासिक ३५०’चे वजन तेवढेच आहे, व तिच्या दोन्ही चाकांच्या आसांतील अंतर १३९ सेंटिमीटर आहे. समजा, गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ७० सेंटिमीटरवर व स्टँड ८५ सेंटिमीटरवर आहे. मागचे चाक अधांतरी झाल्यावर पुढचे चाक जमिनीवरच राहते. म्हणून स्टँडवर येणारा भार १९५ किलो नसून सुमारे १६० किलो असतो. हा पहिला दिलासा. दुसरा ह्याहून मोठा आहे. हा भार किती उंच न्यावयाचा? स्टँड चौकटीला जेथे बिजागरीने जोडलेला असतो तो बिंदू, समजा, ३ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे एकंदर काम १६० गुणिले ३, अर्थात ४८० किलो-सेंटिमीटर झाले. आता ६५ किलो वजनाचा माणूस स्टँडच्या बाहेर आलेल्या दांडीवर उभा राहिला आणि त्या दांडीबरोबर साधारण साडेसात सेंटिमीटर खाली आला, तर तेवढेच काम त्याच्या नुसत्या खाली येण्याने होते. पन्नास किलो वजनाच्या मुलीला त्यासाठी साडेनऊ सेंटिमीटरांहून थोडे अधिक खाली यावे लागेल. हा फरक जिन्याच्या अर्ध्या पायरीएवढाही नाही.

घर्षण व इतर व्यय येथे सोडून दिले आहेत आणि आकडे नमुन्याचे आहेत. परंतु त्यांतून क्रियेचे स्वरूप स्पष्ट होते. स्टँड ही तरफ आहे, आणि तीही पहारेसारखी पहिल्या प्रकारची. तिचा टेकू म्हणजे स्टँडच्या दोन पायांची जमिनीला लागलेली टोके. भार टेकूच्या पुढे, बिजागरीवर. बल टेकूच्या मागे, दांडीवर. आरंभी बिजागरी टेकूच्या बरीच पुढे असते. दांडी दाबली गेली की बिजागरी कमानीसारखी वर व मागे येऊ लागते आणि टेकूपासूनचे तिचे आडवे अंतर कमी कमी होत जाते. वरील उदाहरणात स्टँडचा पाय २८ सेंटिमीटर लांब धरला, तर हे अंतर आरंभी साडेबारा सेंटिमीटर असते आणि पाय उभा होताच शून्य होते. त्यापुढे बिजागरी टेकूच्या किंचित मागे जाते, अटकाव लागतो, आणि आता गाडीचे वजनच तिला तेथे धरून ठेवते. सारांश, ही क्रिया सुरुवातीला जड व शेवटी हलकी आहे. पहिल्या काही बोटांच्या अंतरात वजनाला हातांची थोडी मदत लागते, नंतर ती लागत नाही. जे अर्ध्यातच सोडून देतात ते नेमके सर्वांत कठीण भाग पार केल्यावर सोडतात, ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

ह्या ठिकाणी मराठीने एक सुंदर सोय करून ठेवली आहे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तरफेच्या आधारबिंदूला ‘टेकू’ म्हणतात, आणि व्यवहारात कलणारी वस्तू तोलून धरण्यासाठी लावलेल्या लाकडालाही ‘टेकू’च म्हणतात. भिंतीला टेकू, पपईच्या झाडाला टेकू, बैल सोडल्यावर जू जमिनीवर पडू नये म्हणून बैलगाडीला टेकू. डबल स्टँड हा क्रिया चालू असेपर्यंत पहिल्या अर्थाने टेकू असतो व क्रिया संपताच दुसऱ्या अर्थाने टेकू होतो. दोन्ही अर्थ एकाच वस्तूत एकामागून एक उतरण्याचा असा योग परिभाषेच्या इतिहासात वारंवार येत नाही. ‘डबल’ऐवजी ‘टेकू’ रूढ झाला असता तर बरे झाले असते असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु रूढीपुढे असे मोह आवरलेले बरे.

ह्या क्रियेसाठी मराठीत जी क्रियापदे वापरली जातात त्यांत ‘उचलणे’, ‘लावणे’, ‘घेणे’ व ‘चढवणे’ ही चार मुख्य आहेत.

‘उचलणे’ ह्या क्रियापदाच्या अर्थात वस्तूचे संपूर्ण वजन कर्त्याच्या हाती किंवा अंगावर येणे गृहीत असते. पोते उचलतात, मूल उचलतात, अंत्ययात्रेत तिरडी उचलतात. लाक्षणिक अर्थही तेच सांगतात. जबाबदारी उचलणारा ती स्वतः वाहतो. ऊसतोडीला जाणारा मजूर हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम घेतो तिला ‘उचल’ म्हणतात, आणि फिटेपर्यंत तिचा भार त्याच्याच माथ्यावर असतो. तेव्हा ‘गाडी उचलून स्टँडवर ठेव’ असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहते ते चित्र १९५ किलोचे पोते उचलण्याचे. तो कंबरेत वाकतो, मागच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरतो व वर ओढतो. दांडीवरचा पाय ह्या चित्रात कोठेच नसतो. म्हणून तो पाय नुसता ठेवला जातो, त्यावर अंग टाकले जात नाही. ओढ वरच्या दिशेने असते आणि गाडीला तर मागे यावयाचे असते. गाडी हलत नाही, कंबर हलते.

‘लावणे’ हे क्रियापद निर्दोष आहे, पण ते शिकवीत काही नाही. ‘गाडी डबल स्टँडला लाव’ ह्यात केवळ फल सांगितले आहे. ‘-ला’ प्रत्यय दोन वस्तूंचा संपर्क दाखवितो. तो संपर्क कसा साधावयाचा, हे ज्याला आधीच येते त्यालाच हे वाक्य उपयोगाचे. दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्री हाताखालच्या पोराला हेच वाक्य सांगतो आणि काम होते, कारण पोराने ते आधी शंभरदा पाहिलेले असते.

‘घेणे’ ह्याहून बरेच अधिक सांगते. ‘गाडी कडेला घे’, ‘सावलीत घे’, ‘मागे घे’ ह्या प्रयोगांत ‘घेणे’ म्हणजे हाती धरणे नव्हे. चालणाऱ्या वस्तूला दिशा देणे होय. ‘गाडी स्टँडवर घे’ हा प्रयोग त्याच कुळातील आहे. ह्यात गाडी स्वतःच्या चाकांवर चालत येणारी आहे, कर्ता तिला वळण देतो, आणि ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय शेवटी ती कोठे विसावणार हे सांगते. नांदेड-लातूरकडच्या बोलीत ‘स्टँडवर घ्यायलोय’ असे म्हणणारा पुणेकराच्या ‘घेतोय’हून रूपाने वेगळे बोलतो, पण क्रियेचे चित्र दोघांच्या मनात सारखेच असते.

यांत्रिक दृष्ट्या सर्वांत अचूक आहे ते ‘चढवणे’. गाडी घाट चढते आणि चालक तिला घाटात चढवतो. तो तिला उचलत नाही. मो. के. दामले यांनी आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) ज्यांचा विचार प्रयोजक क्रियापदे म्हणून केला आहे त्या वर्गातील हे रूप होय. मूळ क्रियेचा कर्ता गाडीच राहते. माणूस त्या क्रियेचा प्रयोजक मात्र होतो. स्टँडच्या कमानीवर प्रत्यक्षात घडते ते हेच. तीन सेंटिमीटरांचा लहानसा घाट गाडी उलट्या पावली चढते, आणि ती चढावी म्हणून माणूस दांडीवर चढतो. दोघांची चढण जोडलेली आहे. ‘चढ’ ह्या एकाच धातूने दोघांचेही वर्णन व्हावे हा योगायोग असला, तरी शिकवणाऱ्याने तो सोडू नये.

येथे ‘-व-’ ह्या प्रत्ययाचा दुसरा उपयोगही ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रयोजक रूपांत येणारा हाच प्रत्यय मराठीत शक्य क्रियापदेही घडवितो : ‘मला चालवत नाही’, ‘माझ्याने हे बघवत नाही’. दोन-चार प्रयत्न फसलेला माणूस म्हणतो, ‘मला गाडी उचलवत नाही.’ जमलेला माणूस म्हणतो, ‘मी गाडी चढवते.’ दोन्ही वाक्यांत ‘-व-’ आहे. पहिल्यात तो करणाऱ्याच्या अंगची शक्ती मोजतो, आणि मोजताना करणाऱ्याला प्रथमेतून काढून ‘मला’, ‘माझ्याने’ अशा दूरच्या विभक्तीत नेऊन ठेवतो. दुसऱ्यात तो शक्तीविषयी काहीच म्हणत नाही. कर्ता प्रथमेतच राहतो आणि दुसऱ्याकडून क्रिया करवून घेतो. शक्तीचा प्रश्न ‘उचलणे’ ह्या क्रियापदानेच निर्माण केला आहे. ‘चढवणे’त तो उद्भवतच नाही.

हाच भेद नामांच्या पातळीवर ‘जोर लावणे’ व ‘वजन टाकणे’ ह्या दोन वाक्प्रचारांत सापडतो. ‘जोर’ आणि ‘वजन’ हे दोन्ही शब्द फारसीच्या मार्गाने आले व इतके घरचे झाले की त्यांचे परकेपण आज कोणाला जाणवत नाही. परंतु जोर स्नायूंचा असतो, तो कमीअधिक असतो, तो संपतो. वजन हे प्रत्येकाजवळ असतेच आणि ते टाकण्यास जोर लागत नाही. उलट ते टाकण्यासाठी अंग सैल सोडावे लागते. विहिरीवरच्या मोटेचे बैल पाणी ओढताना उतरत्या धावेवरून जात असत. त्या उतारामुळे त्यांच्या जोराला त्यांच्या वजनाची जोड मिळे. धाव सपाट ठेवून बैलांना ‘जोर लावा’ म्हणणारा शेतकरी कोणी शहाणा मानला नसता. नवशिक्याच्या कानाशी ‘लाव जोर, लाव जोर’ असा घोष करणारे हितचिंतक मात्र वाहनतळावर पुष्कळ भेटतात.

शब्द माणसाच्या हातून काय करवितात, ह्या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन ली व्होर्फ ह्यांचे आहे. हे भाषाभ्यासक पोटासाठी अमेरिकेतील हार्टफर्ड येथील एका आगविमा कंपनीत आग-प्रतिबंधाचे काम करीत. आगींची कारणे तपासताना त्यांना असे दिसले की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे सावध असतात. ‘रिकामी’ म्हटलेल्या पिंपांजवळ ती निर्धास्तपणे विडीकाडी ओढतात. वस्तुतः रिकाम्या पिंपांतील वाफ अधिक स्फोटक असते. १९४१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी हे उदाहरण दिले. त्यावरून भाषा विचाराला घडविते असा जो व्यापक सिद्धान्त पुढे त्यांच्या नावावर चालला, त्यावर पुष्कळ आक्षेप आले आहेत व त्यांतले बरेच सयुक्तिक आहेत. ‘रिकामे’ हा एक शब्द आहे, व्याकरणाची रचना नव्हे, हा त्यांतला महत्त्वाचा आक्षेप. शिवाय ‘उचलणे’ म्हणणाऱ्या अनुभवी चालकाची गाडी स्टँडवर व्यवस्थित चढते, हेही खरे. म्हणजे क्रियापद त्याच्या विचाराला बांधीत नाही. परंतु ज्याच्याजवळ अनुभव नाही, ज्याला शब्दाखेरीज दुसरा आधार नाही, त्याच्या बाबतीत सूचनेतील क्रियापद हेच क्रियेचे पहिले चित्र असते. व्होर्फ ह्यांचे म्हणणे ह्या मर्यादित क्षेत्रात, नवशिक्याला दिलेल्या आज्ञार्थी वाक्यांत, टिकते असे मानण्यास हरकत नाही.

तेव्हा योग्य क्रियापदे घेऊन ही क्रिया सांगावयाची तर ती पुढीलप्रमाणे होईल. प्रथम जागा पाहावी : सपाट, कठीण आणि कोरडी. काळ्या मातीत इलाज नसेल तर स्टँडच्या दोन्ही टोकांखाली एक रुंद फळी किंवा शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. एकच टोक रुतले तर गाडी त्या बाजूला कलते. यंत्र बंद व गिअर न्यूट्रलमध्ये असावा. बाजूच्या पेट्यांत जड सामान असेल तर ते आधी काढावे. मागच्या आसाच्या बरोबर वर ठेवलेले २० किलो सामान वरील उदाहरणातील स्टँडवर २० नव्हे तर सुमारे ३३ किलो भार वाढविते, आणि मागच्या स्प्रिंगा दबल्यामुळे चौकट आधीच खाली आलेली असते, ती वेगळीच. सामान काढण्याचा आळस करून गाडीला आणि स्वतःला शिव्या देणारे प्रवासी थोडे नाहीत.

चालकाने गाडीच्या डाव्या बाजूस, तिच्याकडे तोंड करून, अंगाला अंग लावून उभे राहावे. डाव्या हाताने हँडलची डावी मूठ धरावी व हँडल सरळ ठेवावे. उजव्या हाताने आसनाखालचा किंवा आसनामागचा लोखंडी दांडा धरावा. उजव्या पायाने दांडी खाली आणून स्टँडची टोके जमिनीला टेकवावी. नंतर गाडी हळूच डावी-उजवीकडे हलवावी. दोन्ही टोके एकदम लागली की हे डोलणे थांबल्याचे हाताला कळते. हा क्षण महत्त्वाचा आहे. एकच टोक टेकलेले असताना वजन टाकले तर गाडी चढत नाही, कलंडते.

सूचना देणाऱ्यांनी येथे एका द्व्यर्थापासून सावध राहिले पाहिजे. मराठीत स्टँडलाही पाय असतात आणि माणसालाही. ‘दोन्ही पाय नीट टेकले पाहिजेत’ हे वाक्य स्टँडविषयी उच्चारलेले असते, आणि नवशिक्या आज्ञाधारकपणे स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभा राहतो. दांडीवर मग पायच उरत नाही. ‘टोके’ म्हटल्याने हा घोटाळा टळतो.

टोके टेकल्यावर पुढचे पाऊल जिना चढण्याचे आहे. बुटाचा मधला भाग दांडीवर ठेवून, गुडघा सरळ करीत, दांडीवर चढावे. डावा पाय क्षणभर जमीन सोडतो, सोडलीच पाहिजे. ज्याचा डावा पाय जमिनीला चिकटून राहिला त्याने आपले निम्मे वजन घरीच ठेवले असे समजावे. त्याच वेळी उजव्या हाताने दांडा मागे व किंचित वर घ्यावा. ह्या हाताचे काम दुहेरी आहे. तो गाडीचा थोडा भार कमी करतो, आणि वर ओढण्याच्या प्रतिक्रियेने पायाखालच्या दांडीवरचा दाब तेवढाच वाढवितो. पाठ ताठ, हात जवळजवळ सरळ. गाडी वर जाते आहे की नाही हे पाहण्यासाठी खाली वाकू नये. ती मागे येते आहे की नाही एवढेच पाहावे. हळूहळू दाबून हे होत नाही, आणि उडी मारूनही होत नाही. पायरी चढताना जो एकसंध झोक असतो तो हवा. चप्पल घालून हे करू नये, हे सांगावयास नको असे वाटते. पण लातूरच्या उन्हाळ्यात वाहनतळावर पाहिल्यास सांगावयास हवे असेच दिसेल. घामेजल्या पावलाखालून चप्पल सटकली की दांडी उसळून वर येते आणि नडगी तिच्या वाटेत असते.

फारच हलक्या अंगाच्या चालकाला किंवा फार अवजड गाडीला आणखी एक युक्ती आहे. बी.एम.डब्ल्यू.च्या ‘आर १२५० जी.एस.’सारखी प्रवासी गाडी २४९ किलोची असते. तेथे ती विशेष उपयोगी पडते. मागचे चाक दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फरशीवर घ्यावे आणि स्टँडची टोके मात्र जमिनीवरच टेकवावी. गाडीला चढावयाचा घाट तेवढ्याने लहान होतो. चाक अधांतरी होण्यापूर्वी थोडे मागे सरकते, म्हणून फरशी चाकाच्या मागे वीतभर शिल्लक असावी. नाही तर चाक कडेवरून खाली येते व युक्तीचा उपयोग राहत नाही.

गाडी स्टँडवरून खाली आणण्याला ‘उतरवणे’ म्हणतात, ‘काढणे’ही म्हणतात. ह्यात शिकविण्यासारखे थोडेच आहे, कारण येथे वजन चालकाच्या बाजूने असते. गाडी पुढे ढकलली की बिजागरी टेकूवरून पुढे येते आणि बाकीचे आपोआप घडते. मात्र तिच्या पुढे जाण्याला आवर घालण्यासाठी बोटे पुढच्या ब्रेकवर हवीत, आणि तो ब्रेक हँडलच्या उजव्या मुठीवर असतो. डाव्या बाजूस उभे राहून तेथवर हात पुरत नसेल तर आधी आसनावर बसावे, दोन्ही पाय जमिनीला टेकवावे, आणि मग पुढे रेटावे. ह्या वेळी पाय माणसाचेच.